मुंबईच्या गच्चीवर घरी केलेली सौर पेटी आणि सौर बंब: काय जमतं, काय जमत नाही

ऊनपाणी_चेंबूर

नमस्कार मंडळी. ऑक्टोबर हीट सरत आली. आता पाऊस येईपर्यंत सात-आठ महिने मुंबईवर भरपूर ऊन आहे, म्हणून हा धागा आत्ताच काढतेय. स्वयंपाकाची पेटी आणि आंघोळीच्या पाण्याचा बंब, दोन्ही घरच्या घरी, हातोडी-करवत घेऊन करता येतात. मी दोन्ही वापरते. सोसायटीतली, नात्यातली माणसं सारखी विचारत असतात, त्यांच्यासाठी सगळं एका ठिकाणी लिहून ठेवते.

सर्वात महत्त्वाचं आधी. सौर चूल म्हटलं की प्रत्येकाला आरसे सुचतात. चार आरसे, आठ आरसे, छत्रीला चांदीचा कागद. माझं म्हणणं उलट आहे. मुंबईत ऊन कमी पडत नाही, आलेली उष्णता धरून ठेवण्यात आपण कमी पडतो. पेटीच्या झाकणाच्या फटीतून गरम हवा निसटत असेल तर आरसे कितीही वाढवा, आत ऐंशी-नव्वद अंशांच्या वर काटा जात नाही. तीच पेटी नीट बंद झाली तर एका आरशावर रिकाम्या पेटीत ११०-१२० अंश आरामात मिळतात, आणि वरण-भात शिजायला तेवढं पुष्कळ झालं. डब्यात पाणी आहे तोवर डबा शंभराच्या वर जाणारच नाहीये.

हिशेब सांगते. स्वच्छ दुपारी एक चौरस मीटरवर साधारण हजार वॅट ऊन पडतं. आपली काच ५० बाय ५० सेंटीमीटरची, म्हणजे पाव चौरस मीटर. हिवाळ्यातलं तिरपं ऊन धरलं तर काचेवर दोनशे वॅट, एका आरशाची भर घालून तीनशे. दोन काचांतून जाताना काही जातं, भिंतींतून काही जातं, आणि डब्यांना शेवटी मिळतात ऐंशी ते शंभर वॅट. डाळ, तांदूळ आणि पाणी मिळून दोन किलो माल ३० अंशांवरून १०० वर न्यायला ५८५ किलोज्यूल लागतात. म्हणजे पावणेदोन-दोन तास नुसते तापायला, त्यानंतर शिजायला पाऊण-एक तास. साडेदहाला ठेवलं तर दीडला जेवण. हे आकडे डोक्यात ठेवले की अर्ध्या तासात कुकरची शिट्टी होईल अशी अपेक्षा कुणी करणार नाही आणि निराशही होणार नाही.

पेटीची बांधणी. बाहेरून १२ मिलिमीटरचं प्लायवुड किंवा जुनी पत्र्याची ट्रंक. आतला ट्रे अॅल्युमिनियमच्या पत्र्याचा, तळ काळा. खोली १२ सेंटीमीटरपेक्षा जास्त नको, उंच पेटीत हवाच जास्त तापते. ट्रे आणि पेटीच्या मध्ये चारही बाजूंनी आणि खाली किमान ५ सेंटीमीटर भरण, म्हणजे उष्णता बाहेर जाऊ न देणारा थर. थर्माकोल आतल्या पत्र्याला लागून अजिबात नको, ९०-१०० अंशांच्या आसपास तो मऊ पडून आक्रसतो आणि वास सोडतो. ग्लासवूल उत्तम, पण हाताला खाजतं, हातमोजे आणि मास्क लावूनच भरा. ते नको असेल तर भाताचं तूस किंवा काथ्या चांगला सुकवून भरा. चेंबूरला तूस कुठून आणणार म्हणाल, तर सुक्या सुती कपड्यांच्या चिंध्याही चालतात. फक्त ओल नको. ओलं भरण म्हणजे भरण नसल्यासारखंच.

काच दुहेरी. ४ मिलिमीटरच्या दोन साध्या पांढऱ्या काचा, मध्ये दीड-दोन सेंटीमीटरची जागा. त्या चौकटीत बसवायचं काम कोरड्या दिवशी करा. आपल्या दमट हवेत सिलिकॉन मारून बंद केलं की आत अडकलेली वाफ रोज सकाळी धुक्यासारखी दिसते आणि अकरा वाजेपर्यंत ऊन अडवते.

आणि आता झाकण. चौकटीखाली सिलिकॉन रबराची दोरी लावा, दाराला लावायची फोमची चिकटपट्टी नको, ती आठवड्याभरात चपटी होते. लावल्यावर परीक्षा अशी: पेटी सकाळी तासभर उन्हात तापवायची, सावलीत आणून झाकणाच्या कडेने पेटलेली उदबत्ती हळूहळू फिरवायची. धूर जिथे हलतो तिथे फट. बिजागरीच्या बाजूला ती हमखास सापडते, कारण बिजागरी झाकण किंचित उचलून धरते. तिथे दोरीचा दुसरा पदर लावायचा आणि पुढच्या बाजूला ट्रंकेला असतात तशा दोन कड्या लावून झाकण खेचून बसवायचं. आरशावर खर्च करायच्या आधी एवढं करा.

बंबाचं खाली प्रतिसादांत लिहिते, फार लांबलं.

मुलुंडकर

छान धागा. एक शंका. आमच्याकडे दोघंही नोकरीला. सकाळी आठला घर बंद. पेटी दर अर्ध्या तासाने फिरवायला कोण आहे? हे सगळं घरी असणाऱ्यांसाठीच आहे का?

ऊनपाणी_चेंबूर

@मुलुंडकर, फिरवावी लागत नाही. घड्याळात बारा वाजतात तेव्हा मुंबईत सूर्य माथ्याला आलेला नसतो. भारताची वेळ ८२.५ अंश रेखांशावरची, आपण ७३ अंशांच्या जरा अलीकडे. सरासरी पावणेएकच्या सुमाराला आपली खरी मध्यान्ह होते, फेब्रुवारीत एकला थोडी कमी असताना. सकाळी निघताना पेटीचं तोंड पावणेएकच्या सूर्याकडे करून ठेवलं की साडेदहा ते अडीच ती आपोआप चांगलं काम करते. करपत नाही, उतू जात नाही, ढवळावं लागत नाही.

तुमची खरी अडचण दुसरी आहे. तुम्ही परत येणार रात्री आठला. अन्न दोनला शिजतं, चारनंतर ऊन उतरतं, आणि सहापर्यंत डबा ६० अंशांच्या खाली येतो. तिथून पुढे दमट हवेत दोन तास म्हणजे डाळ आंबायला मोकळं रान. त्यामुळे नोकरदारांनी आठवड्याच्या दिवशी त्यात डाळ-भात ठेवू नये असंच मी सांगेन. त्याऐवजी कोरडं काम द्या: शेंगदाणे, रवा, खोबऱ्याचा कीस भाजायला. ताटलीत पातळ पसरून, वर काळं झाकण. शेंगदाण्याचं साल संध्याकाळी नुसतं चोळून निघतं. रविवारी मात्र पूर्ण जेवण करा.

गिरगावची_माई

मी कधी पेटी वापरलेली नाही, पण उन्हात शिजवणं आपल्याला नवीन कुठे आहे? गुलकंद उन्हातलाच. साखरेत घातलेला कैरीचा कीस बरणीला फडकं बांधून गच्चीत ठेवला की आठ-दहा दिवसांत पाक होतो, आमच्या वाडीतल्या गुजराती शेजारणी छुंदा तसाच करायच्या आणि आम्ही त्यांच्याकडून शिकलो. पापड-कुरडयांचं तर सांगायलाच नको. ऊनपाणीताई, पेटीत छुंदा होईल का? आणि पुरणाची डाळ शिजेल का?

ऊनपाणी_चेंबूर

@गिरगावची_माई, छुंदा पेटीत फार भरभर होतो आणि पाक पुढे जाऊन घट्ट होतो. तो काचेबाहेर, उघड्या उन्हातच करा, त्याला सावकाश तापणं लागतं. पुरणाची डाळ मात्र पेटीत इतकी सुंदर होते की विचारू नका. दाणा अख्खा राहतो आणि बोटाने दाबला की पीठ. रात्री भिजवायची, सकाळी पाणी अगदी डाळीच्या वर बोटभर. वाफ बाहेर जात नसल्यामुळे कटाला नंतर वेगळं गरम पाणी घाला.

हेच सगळ्या पदार्थांना लागू. भाताला कुकरपेक्षा थोडं कमी पाणी. बटाटे, रताळी, बीट, ओल्या भुईमुगाच्या शेंगा बिनपाण्याच्या, नुसत्या धुऊन डब्यात. अंडीसुद्धा पाण्याशिवाय. रताळी तर पेटीतच करावीत, इतकी गोड होतात. फोडणी, पोळ्या आणि तळण हे पेटीचं काम नाही, ते गॅसवरच. माझ्याकडे फोडणी शेवटी वरून पडते.

डब्यांबद्दल राहिलं. पातळ अॅल्युमिनियमचे किंवा स्टीलचे बुटके डबे, बाहेरून आणि झाकणावर शाळेच्या फळ्याचा काळा रंग. चकचकीत रंग नको. रंग दिल्यावर रिकामे डबे पेटीत ठेवून चार-पाच उन्हं खाऊ द्यात, वास पूर्ण गेला की मगच वापरा. आतून रंग नाही. झाकण घट्ट हवं. आतल्या काचेवर सुरुवातीला धुरकट वाफ धरते ती अर्ध्या-पाऊण तासात निवळते. निवळली नाही आणि थेंब ओघळायला लागले, तर एखाद्या डब्याचं झाकण सैल आहे.

भाईंदर_फार्मसी

एक महत्त्वाची भर घालतो. राजमा पेटीत थेट शिजवू नका. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं द्रव्य असतं. ते खळखळून उकळल्यावर नष्ट होतं, पण ८० अंशांच्या खाली सावकाश शिजवलं तर तसंच राहतं आणि उलट्या-जुलाब होतात. रात्रभर भिजवा, ते पाणी ओतून द्या, ताज्या पाण्यात गॅसवर दहा मिनिटं खळखळून उकळू द्या आणि मग हवं तर पेटीत ठेवा. ढगाळ दिवशी पेटी नेमकी सत्तर-ऐंशीलाच अडकते, म्हणून हे लिहिलं. मूग, मसूर, तूर यांना ही भीती नाही.

ऊनपाणी_चेंबूर

@भाईंदर_फार्मसी, मनापासून आभार. हे प्रत्येकाने वाचायला हवं.

लोहारकाम

पेटीबद्दल ताईंशी सहमत, पण आरशांना इतकं खाली ढकलू नका. माझा परवलयाकार तव्यावर, म्हणजे ऊन एका ठिकाणी गोळा करणाऱ्या खोलगट आरशावर, विश्वास आहे. १.४ मीटर व्यासाचा तवा नीट घडवला तर सहाशेच्या आसपास वॅट थेट पातेल्याच्या बुडाला मिळतात. म्हणजे फोडणी होते, भजी तळता येतात, चहा गॅससारखा उकळतो. पेटी हे कधीच देणार नाही. शिर्डीला साई संस्थानने २००९ साली ७३ मोठ्या तबकड्या बसवून वाफेवर हजारो भाविकांचा स्वयंपाक सुरू केला, तो आरशांच्याच जोरावर. पेटीने ते झालं असतं का?

ऊनपाणी_चेंबूर

@लोहारकाम, शिर्डीची तबकडी आणि आपली गच्ची यांत फरक आहे. तिथे तबकड्या सूर्याबरोबर फिरवणारी यंत्रणा आहे, देखरेखीला माणसं आहेत. घरच्या तव्याला दर पंधरा-वीस मिनिटांनी हात लावावा लागतो, तुम्ही समोर उभे असायला हवे. उभे राहणार असाल तर तवा नक्की चांगला, मी त्याच्या विरोधात नाही. पण मुंबईच्या गच्चीवर मला त्याची धास्ती वाटते ती अशी: काम झाल्यावर तवा उघडा राहिला आणि सूर्य सरकला तर तो झोत दोरीवरच्या कपड्यांवर, टाकीच्या प्लॅस्टिकवर, समोरच्या इमारतीच्या खिडकीत जाऊ शकतो. गच्चीवर मुलं पतंग उडवायला येतात, त्यांचे डोळे आहेत. तवा वापरणाऱ्याने काळा चष्मा घालावा आणि काम संपताक्षणी जाड कापडाने तवा झाकून तोंड उत्तरेला वळवावं, यात सूट नको.

शिवाय वारा. दुपार चढली की समुद्रावरून पश्चिमेचा वारा सुटतो. तवा म्हणजे शीडच. पेटीचा आरसासुद्धा मी दोन बाजूंनी पट्ट्यांनी आवळते, आणि पेटी पश्चिमेच्या कठड्याच्या आडोशाला ठेवते. वाऱ्याने वरची काच थंड पडते हा वेगळाच तोटा.

सेक्रेटरी_दहिसर

सोसायटीच्या बाजूने लिहितो, कारण भांडणं इथेच होतात. गच्ची सामाईक आहे. काहीही कायमचं बसवायचं तर कमिटीला लेखी अर्ज द्या, जागेचा साधा नकाशा जोडा. आम्ही परवानगी देताना तीन गोष्टी बघतो. पहिली, कोब्यात एकही भोक नाही. ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा, पाणी अडवणारा थर) आणि वरची चायना चिप्स (चिनी मातीच्या फरशीचे बसवलेले तुकडे) एकदा फुटली की वरच्या मजल्यावरचा माणूस पुढच्या पावसाळ्यात छताखाली बादली लावून बसतो, आणि दुरुस्तीचा खर्च कुणाचा यावर दोन वर्षं सभा चालतात. स्टँडच्या पायांखाली रबराच्या चकत्या आणि फरशीचे तुकडे द्या, वजनासाठी वाळूची पोती ठेवा. दुसरी, वजन तुळईच्या किंवा खांबाच्या रेषेवर यावं. पन्नास लिटरचा बंब म्हणजे पन्नास किलो पाणीच झालं, त्यात लोखंड आणि काच वेगळी. तिसरी, टाकी साफ करणाऱ्यांची आणि लिफ्टच्या खोलीची वाट मोकळी.

खिडकीच्या ग्रिलवर पेटी ठेवायला मी कधीही परवानगी देणार नाही. काचेची जड वस्तू चौथ्या मजल्यावरून खाली आली तर काय, याचा विचार करा.

मुलुंडकर

काका, नियम रास्त आहेत. पण आमच्याकडे अर्ज केला तर "आधी सगळ्यांना विचारू" म्हणून सहा महिने जातात. एकदा कमिटीला चालतं करून दाखवायचं तर?

सेक्रेटरी_दहिसर

@मुलुंडकर, पेटी हलवता येते, तिला फारसं कुणी अडवत नाही. रविवारी गच्चीत ठेवा, संध्याकाळी घरी न्या. कमिटीच्या दोन माणसांना त्यातलं रताळं खायला घाला. बंबाचा अर्ज त्यानंतर टाका. आमच्याकडे हे असंच झालं.

ऊनपाणी_चेंबूर

आता बंब. खरं तर सुरुवात यानेच करायला हवी, कारण आंघोळीला ४० अंश पुरतात आणि एवढं तापमान कच्च्या बांधणीचं उपकरणसुद्धा देतं. मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतून दुपारी नळाला आपोआप गरम पाणी येतं की नाही? काच नाही, भरण नाही, आरसा नाही, तरी.

गिझरला किती वीज लागते ते बघू. चौघांचं कुटुंब, माणशी वीस लिटरची बादली, नळाचं पाणी २५ अंश, हवंय ४०. म्हणजे ८० लिटर पाणी १५ अंशांनी तापवायचं, ते १.४ युनिट झाले. रोज. आता गंमत पुढे आहे. ५५ अंशांचं पाणी २५ अंशांच्या पाण्यात निम्मं-निम्मं मिसळलं की ४० होतं. म्हणजे चौघांना गरम पाणी लागतं फक्त चाळीस लिटर. लोक शंभर-दीडशे लिटरच्या कल्पनेनेच घाबरतात, पण पन्नास लिटर बंबात मुंबईचं घर भागतं.

सर्वात सोपा प्रकार: भंगारवाल्याकडून जुन्या साठवणीच्या गिझरची आतली टाकी घ्यायची, २५ लिटरच्या दोन. आधी पाणी भरून रात्रभर ठेवून गळती बघा. बाहेरून खरवडून काळा रंग द्यायचा आणि पेटीसारख्याच, भरण घातलेल्या, काच लावलेल्या खोक्यात आडव्या ठेवायच्या. खालून थंड पाणी आत, वरून गरम बाहेर. दोन टाक्या एकामागून एक जोडा, म्हणजे पहिलीतलं कोमट दुसरीत जाऊन पूर्ण तापतं. वरच्या बाजूला हवा जायची नळी कायम उघडी ठेवायची, तिच्यावर कधीही बूच किंवा वॉल्व्ह नको. पाणी तापून फुगलं, वाफ धरली, तर सुटकेची तीच वाट आहे. नळ्या साध्या पीव्हीसीच्या नकोत, ६० अंशांच्या पुढे त्या वाकतात. गरम पाण्याला चालणाऱ्या सीपीव्हीसीच्या घ्या. तांबं आणि लोखंड थेट जोडू नका, मध्ये पितळी जोड घाला, नाहीतर सांध्याशी लोखंड खाऊन जातं.

दुसरा प्रकार: काळ्या पत्र्याला जोडलेल्या तांब्याच्या नळ्यांची चौकट आणि वर वेगळी, गुंडाळलेली टाकी. तापलेलं पाणी हलकं होऊन वर चढतं, थंड खाली उतरतं, पंप लागत नाही. अट एकच, टाकीचा तळ चौकटीच्या वरच्या कडेपेक्षा फूटभर तरी उंच हवा, नाहीतर रात्री हीच फेरी उलटी सुरू होते आणि गरम पाणी आकाशाला उष्णता देऊन बसतं. एक चौरस मीटरची घरची चौकट स्वच्छ दिवशी पन्नास-साठ लिटर पाणी २५ अंशांनी तापवते.

डोंबिवली_फास्ट

ऊन दुपारी, आंघोळ पहाटे साडेपाचला. ६:५० ची लोकल पकडायची असते. बंबातलं पाणी तोवर गरम राहणार का? इथेच गाडी अडते.

ऊनपाणी_चेंबूर

@डोंबिवली_फास्ट, अगदी मुद्द्याचं विचारलंत, आणि पुन्हा उष्णता धरून ठेवण्यापाशीच आलो. शंभर लिटरच्या उघड्या पत्र्याच्या पिंपात संध्याकाळी ५५ अंशांचं पाणी ठेवलं तर पहाटे ते तिशीच्या थोडं वर, म्हणजे नुसतं कोमट असतं. त्याच पिंपाला चारही बाजूंनी, वरून आणि खालून ५ सेंटीमीटर ग्लासवूल गुंडाळलं तर तेरा तासांत हिशेबाने चार-पाच अंश उतरतात. पन्नास लिटरला थोडे जास्त. मग पहाटे सत्तेचाळीस-पन्नास मिळतात, आंघोळीला भरपूर.

पहिल्या प्रकारातला बंब मात्र रात्री काचेतूनच थंड होतो. त्याला दोन उपाय. संध्याकाळी पाचला काचेवर जाड गोधडी आणि वरून ताडपत्री, हा अर्धवट उपाय. किंवा पाचलाच पाणी खाली सोडून घरातल्या गुंडाळलेल्या पिंपात घेणे, हा पक्का. मी पक्का करते. घरात आणल्याचा अजून एक फायदा आहे जो बसवणारे सांगत नाहीत. गच्चीपासून तिसऱ्या मजल्यापर्यंत वीस मीटर नळी असेल तर तिच्यात सहा लिटर पाणी मावतं. पहाटे नळ सोडला की आधी ते सहा लिटर थंड पाणी येतं. संध्याकाळी एकदाच उतरवलं की नळीतलं थंड पाणी सोडायची पाळीही एकदाच येते, आणि ते भांड्यांना जातं.

पिंपावर "गरम" असं मोठ्या अक्षरांत लिहा. लहान मूल असलेल्या घरी बादलीत आधी थंड पाणी, मग गरम.

भाईंदर_फार्मसी

साठवलेल्या कोमट पाण्याबद्दलही सांगतो. २० ते ४५ अंशांत लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात, शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात गेले तर न्यूमोनिया होतो. साठ अंशांना ते मरतात. घरगुती बंबाचं पाणी रोज संपवा, दोन-तीन दिवस गावी गेलात तर साठलेलं सोडून द्या आणि पिंपाचा तळ अधूनमधून घासा. हे पाणी पिण्या-शिजवण्यात नको.

ग्रंथपाल_फोर्ट

मुंबईकरांना अभिमान वाटावा अशी माहिती देते. हे काम या शहरात दीडशे वर्षांपूर्वी झालेलं आहे. मुंबई उच्च न्यायालयात उपनिबंधक असलेले विल्यम अॅडम्स यांनी उष्ण देशांत इंधनाऐवजी सूर्याची उष्णता कशी वापरावी यावर १८७८ साली मुंबईतच पुस्तक प्रसिद्ध केलं. कुलाब्याला त्यांनी छोट्या सपाट आरशांची रांग उभी करून वाफेवर पंप चालवून दाखवला होता. आणि त्यांची चूलही होती, आठ आरशांची. जानेवारीत, म्हणजे मुंबईतल्या सर्वात थंड महिन्यात, सात सैनिकांचं मांस आणि भाजी दोन तासांत शिजते असं त्यांनी लिहून ठेवलंय. त्यांना इंधन वाचवायचं होतं कारण इथे लाकूड महाग आणि कोळसा विलायतेहून यायचा.

लोहारकाम

आठ आरसे! ताई, ऐकताय ना?

ऊनपाणी_चेंबूर

@ग्रंथपाल_फोर्ट, हे मला माहीत नव्हतं, फार आनंद झाला. @लोहारकाम, ऐकतेय. दोन तासांत सात माणसांचं जेवण म्हणजे ताकद आरशांचीच, ते मान्य. पण शेजारी एक माणूस सूर्यामागे चूल वळवत उभा राहिला असणार. घरची बाई किंवा बुवा दोन तास उन्हात उभं राहायला तयार आहेत का, हा प्रश्न तुमच्या तव्यालाही आहे आणि त्यांच्या चुलीलाही.

खगोल_बोरिवली

आरशाच्या दिशेबद्दल थोडं. आपण १९ अंश उत्तरेला आहोत. २१-२२ डिसेंबरला दुपारी सूर्य क्षितिजापासून फक्त साडेसत्तेचाळीस अंशांवर, दक्षिणेला. तेव्हा आरसा पेटीच्या उत्तर कडेला, जवळजवळ उभा. मेच्या मध्याला सूर्य थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो! त्यामुळे मेच्या उत्तरार्धात पेटी फिरवून ठेवा. कोनमापक नको, काचेवर पडलेला आरशाचा उजळ चौकोन बघा. तो काचेबाहेर सांडत नसेल तर कोन बरोबर.

गिरगावची_माई

आणि पावसाळ्यात? चार महिने पेटी माळ्यावर का?

ऊनपाणी_चेंबूर

@गिरगावची_माई, पावसात ऊन नाही, पण गरम धरून ठेवणारी पेटी तर आहेच. गॅसवर डाळ-तांदूळ पाच-सात मिनिटं उकळायचे, झाकण न उघडता पातेलं पेटीत, वर-खाली गोधडी, झाकण कड्यांनी बंद. तासाभरात शिजलेलं असतं, गॅस निम्म्याहून कमी जातो. पूर्वी गवत भरलेल्या पेटीत हेच करायचे. झाकणाच्या दोरीवर एवढा जोर देतेय त्याचा लाभ असा बाराही महिने मिळतो.

आरसा मात्र जूनमध्ये काढून घरात ठेवा. खारट दमट हवेने पाठीमागचा लेप कडेपासून काळा पडत येतो. नवीन आरशाच्या कडांना आणि पाठीला आधीच तैलरंगाचा हात द्या. आणि वर्षभर काचेवरची धूळ रोज पुसा. मेट्रोची किंवा इमारतीची कामं चालू असलेल्या भागात दोन दिवसांत काच पिठाळ होते, वर कबुतरांची विष्ठा. सकाळी थंड काच पुसा, दुपारी तापलेल्या काचेवर थंड पाणी पडलं तर ती तडकते.

डोंबिवली_फास्ट

ठरलं, बंब करतोय, गुंडाळलेल्या पिंपासकट. सामान कुठून घ्यावं?

लोहारकाम

सिलिकॉन रबराची दोरी, ग्लासवूल, पितळी जोड हे नागदेवी स्ट्रीटला. तांब्याची नळी-पत्रा तांबाकाट्याच्या बाजूला. काच आपापल्या नाक्यावरच्या काचवाल्याकडून कापून घ्या, लोकलमधून आणायची नाही. जुन्या गिझरच्या टाक्या कुर्ल्याच्या भंगारात मिळतात, पण तांब्याची आतली टाकी असलेला जुना गिझर हाती लागला तर सोडू नका.

ऊनपाणी_चेंबूर

दोरी १० मिलिमीटर जाडीची, गोल, मऊ घ्या. दाबून बघा, सोडल्यावर लगेच फुगायला हवी. ५० सेंटीमीटरच्या पेटीला दुहेरी पदर धरून साडेचार मीटर लागते. मी येत्या शनिवारी नागदेवीला जातेच आहे. ज्यांना हवी त्यांनी आपल्या झाकणाची मापं इथेच लिहा, एकदम घेतली की भाव बरा पडतो. चेंबूर स्टेशनला देईन.

मुलुंडकर

माझं झाकण ५५ बाय ५५. दुहेरी पदर.

सेक्रेटरी_दहिसर

आमच्या सोसायटीतून दोन पेट्या, दोन्ही ६० बाय ६०. मीच येतो न्यायला.